मैदा फक्त भुरभुरवला होता

वाचकाचं पत्र:

ताई, मी २९ वर्षांची आहे, पुण्यात खराडीला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी हिमोग्लोबिन ७.८ वर आलं. लोहाच्या गोळ्यांनी ते चढेना, शेवटी रक्ताची तपासणी आणि एंडोस्कोपी झाली आणि सिलिअ‍ॅक निघालं, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार. तेव्हापासून गहू बंद आहे. या कंपनीत येऊन चार महिने झालेत. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मुंबईहून मोठे साहेब येणार आहेत आणि कोरेगाव पार्कातल्या एका महागड्या रेस्टॉरंटमध्ये आम्हा अकरा जणांचं जेवण ठरलंय. पदार्थ मधे ठेवून सगळ्यांनी वाटून घ्यायचे, अशी तिथली पद्धत आहे. मागच्या पार्टीत मी नुसतं सॅलड आणि फ्राइज खाल्ले, तरी दुसरे दोन दिवस पोट धरून घरी होते. शेजारच्याने "डाएट का?" विचारलं, मी हो म्हटलं. या वेळी उपवास आहे म्हणून सांगू का? की घरून जेवून जाऊ आणि सरबत घेऊन बसू? की तब्येतीचं कारण सांगून जाऊच नको? टीम लीड म्हणते, साहेबांना तोंड दाखवायलाच हवं. मला कुणाला त्रास द्यायचा नाहीये. आणखी एक, घरी सगळं पाळते, तरी गेल्या महिन्यातला टीटीजी, म्हणजे सिलिअ‍ॅकसाठीच्या रक्ततपासणीचा आकडा, अजून वरच आहे.
— एक वाचक, पुणे

प्रिय मैत्रिणी,

आधी तुझ्या तीन पर्यायांबद्दल बोलते, कारण तिन्ही माझ्या घरात वापरून झालेत. माझ्या धाकट्या मुलीला नवव्या वर्षी सिलिअ‍ॅक निघालं. आता ती एकवीस वर्षांची आहे. या बारा वर्षांत लग्नं, मुंजी, बारशी, शाळेच्या सहली, हॉस्टेलची मेस, सगळ्यातून आम्ही गेलो आहोत. म्हणून तुझ्या पत्रातलं "मला कुणाला त्रास द्यायचा नाहीये" हे वाक्य वाचताना मला तिचाच आवाज ऐकू आला.

उपवासाचा मोह मला कळतो. आपल्याकडे उपवासाला मान आहे. "आज चतुर्थी आहे" एवढं म्हटलं की पंक्तीतला सगळ्यात आग्रही काकासुद्धा हात आवरतो. टेबलावरची माणसं नक्की गप्प बसतील. पण मागच्या वेळी तुला आजारी कुणी पाडलं? शेजारच्याच्या प्रश्नाने नाही, आतल्या स्वयंपाकघराने. आणि उपवास सांगितलास तर नेमकं त्या स्वयंपाकघराला काहीच कळणार नाही. वेटर चांगुलपणाने विचारेल, "मॅडम, बटाटा चालतो ना? फ्राइज आणू?" ते फ्राइज येतील त्याच तेलातून, ज्यात तासभर ब्रेडक्रम्ब लावलेली कटलेटं आणि मैद्याच्या घोळातली कोळंबी तळली जात होती. तेल कितीही कडकडीत असलं तरी ग्लूटेन जळून जात नाही. मला वाटतं, मागच्या पार्टीत तुझा घात सॅलडपेक्षा फ्राइजनीच केला असावा.

शिवाय त्याच दुपारी ऑफिसात सगळ्यांदेखत तू डब्यातला वरणभात खाल्लेला असणार. खोटं एकदा बोललं की पुढच्या महिन्यातही बोलावं लागतं.

तब्येतीचं कारण सांगून न जाणं, हे तर मला अजिबात मान्य नाही. नोकरीला चार महिने झालेत, टीमशी ओळख आता कुठे होतेय. एका धान्यापायी तू त्या टेबलावरून उठून जावंस असं काहीही घडलेलं नाही. घरून थोडं खाऊन जाणं मात्र शहाणपणाचं आहे, त्यावर पुढे लिहिते.

आता माझ्याकडे झालेली गोष्ट. मुलगी चौदा वर्षांची असताना भाच्याच्या लग्नाच्या वाढदिवसाचं जेवण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात होतं. कॅप्टन अदबीने ऑर्डर घ्यायला आला. मी त्याला म्हटलं, हिला ग्लूटेन चालत नाही. तो म्हणाला, "हो मॅडम, काळजीच करू नका." तिच्यासाठी मासा सुचवला, वर लिंबू आणि लोण्याचं पातळ सॉस, बाजूला उकडलेल्या भाज्या. ब्रेड नाही, पास्ता नाही, ताटात गव्हाचं नावसुद्धा नाही. मासा सुरेख होता, साल कुरकुरीत, सोनेरी. तिने तो चाटूनपुसून खाल्ला आणि पावणेअकराला आम्ही दोघी तिथल्या बाथरूममध्ये होतो. मी तिचे केस मागे धरलेले, एका हाताने तिच्या पाठीवर थापटत होते, आणि बाहेर भाच्याचा केक कापला जात होता. नंतर शेफ स्वतः बाहेर आले. भला माणूस होता, चेहरा उतरला होता. ते मला म्हणाले, "मॅडम, मैदा घातला नव्हता हो. साल कुरकुरीत व्हावी म्हणून फक्त भुरभुरवला होता."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी मैदा "घालणं" वेगळं आणि "भुरभुरवणं" वेगळं. मासा तव्याला चिकटू नये म्हणून त्यावर चिमूटभर पीठ टाकायचं हा त्यांच्या हाताच्या वळणाचा भाग आहे, तुझ्यामाझ्या हाताने फोडणीत मोहरी पडते तसा. तो कुणी "घटक" म्हणून मोजत नाही. त्या रात्रीपासून मी "ग्लूटेन-फ्री आहे का?" हा प्रश्न विचारणं कायमचं सोडून दिलं. तूही सोड. या प्रश्नाला हॉटेलात एकच उत्तर येतं, "हो मॅडम."

हे किती थोड्यावर अवलंबून असतं, ते तुला डॉक्टरांनी सांगितलं असेलच, पण लोकांना सांगायला सोपं पडावं म्हणून मी एक हिशेब वापरते. एका पोळीला साधारण तीस ग्रॅम कणीक लागते आणि तिच्यात अंदाजे तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. सिलिअ‍ॅकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचा अंश सोसतो, असं मानलं जातं. म्हणजे एका पोळीचे तीनशे तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं असेल तर पदार्थाच्या किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं, ही मर्यादा आपल्याकडेही आहे आणि युरोप-अमेरिकेतही. "सॅलडवरचे पावाचे तुकडे काढून टाकले मॅडम" हे का चालत नाही, ते या तीनशेव्या तुकड्यावरून कुणालाही पटतं.

मग करायचं काय? सगळं काम शुक्रवारच्या आधी करायचं. टेबलावर बसल्यावर नाही.

सगळ्यात आधी, जागेचं बुकिंग जो करतोय त्याला गाठ. एचआर असेल, अ‍ॅडमिन असेल, नाहीतर तुझी टीम लीड. "मला सिलिअ‍ॅक आहे, मी स्वतः रेस्टॉरंटशी बोलून घेते, फक्त बुकिंग कुणाच्या नावावर आहे ते सांग." बस. परवानगी मागायची नाही, माफीही मागायची नाही. तुझ्याकडे ते नाव आलं की तू अकरा जणांच्या बुकिंगमधली पाहुणी म्हणून फोन करतेस, आणि अकरा जणांचं बिल येणार असलं की मॅनेजर फोनवर येतोच.

फोन दोन-तीन दिवस आधी कर, आणि दुपारी साडेतीन ते साडेपाचच्या मधे. तेव्हा दुपारची गर्दी ओसरलेली असते, रात्रीची तयारी चालू असते आणि शेफ जागेवर सापडतो. रात्री साडेआठला केलेल्या फोनला कितीही चांगल्या जागी "हो होईल" एवढंच मिळतं. मॅनेजरला सांग की शेफशी दोन मिनिटं बोलायचंय. आणि बोलताना असे प्रश्न विचार, ज्यांचं उत्तर नुसत्या "हो"ने देता येणार नाही. सूप आणि सॉस दाट कशाने करता? मासा किंवा चिकन तव्यावर टाकण्याआधी त्याला काय लावता? फ्राइजची कढई वेगळी आहे की सगळं त्यातच तळता? सोया सॉस कुठला वापरता? पास्ता उकळलेल्या पाण्यातच भाज्या वाफवता का? माझं जेवण धुतलेल्या पॅनमध्ये, कोऱ्या बोर्डवर, वेगळ्या चिमट्याने करता येईल का?

उत्तराच्या आधीचा क्षण नीट ऐक. "थांबा हं, सॉसच्या बाटलीवर बघून सांगतो" असं कुणी म्हणालं तर त्या स्वयंपाकघरावर मी विश्वास ठेवेन. सगळ्याला एका दमात "होऊन जाईल" म्हणणाऱ्यावर ठेवणार नाही. आणि एखादा शेफ सरळ म्हणाला की आमच्याकडे जागा लहान आहे, सगळीकडे पीठ उडतं, आम्ही खात्री देऊ शकत नाही, तर त्याचे मनापासून आभार मान. त्याने तुझे दोन दिवस वाचवले. अशा वेळी बुकिंग करणाऱ्याला दुसऱ्या दोन जागांची नावं सुचवायला तुझ्याकडे वेळ असतो, म्हणून तर फोन आधी करायचा.

बोलणं झालं की एक पदार्थ ठरवून टाक, तुझा, एकटीचा, स्वतंत्र ताटात येणारा. शेफचं नाव लिहून घे. त्या दिवशी पोचल्यावर कॅप्टनला एवढंच सांगायचं, "बुधवारी अमुक शेफशी बोलणं झालंय, बुकिंगवर नोंद आहे, केओटीवर लिहाल ना?" केओटी म्हणजे आत जाणारी ऑर्डरची चिठ्ठी. आतल्या माणसाला तू दिसत नाहीस, त्याला फक्त ती चिठ्ठी दिसते. तिच्यावर नसेल तर बाहेर झालेलं सगळं बोलणं हवेत गेलं.

मी मुलीच्या पर्समध्ये एक कार्डही ठेवते. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला हिंदी, कारण पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत आत राबणारी पुष्कळ मुलं उत्तराखंड, बंगाल, ओडिशा, नेपाळकडची असतात आणि त्यांना आपलं मराठी कळेलच असं नाही. हिंदीत लिहिलंय: "मुझे सीलिएक बीमारी है। गेहूँ, आटा, मैदा, सूजी, दलिया, जौ, ब्रेड का चूरा, सोया सॉस — ज़रा सा भी नहीं। कृपया साफ़ बर्तन और नया तेल इस्तेमाल करें।" यात मुद्दाम ग्लूटेन हा शब्द घातलेला नाही. तो मॅनेजरला कळतो. तव्यापाशी उभ्या असलेल्या मुलाला मैदा आणि सूजी कळते, आणि तुझं जेवण त्याच्या हातात असतं.

पदार्थांचं म्हणशील तर युरोपियन धाटणीच्या जेवणात रिसोटो, म्हणजे इटालियन मऊ भात, बऱ्यापैकी भरवशाचा, पण स्टॉक घरचा की वडीचा ते विचार. भाजलेला मासा किंवा चिकन, कोऱ्या पॅनमध्ये, पीठ न लावता, मीठ-मिरी-लिंबू-ऑलिव्ह तेल एवढ्यावर. पांढरं सॉस म्हणजे मैदा आलाच. आशियाई पदार्थ तुझ्यासाठी सगळ्यात अवघड, कारण नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो आणि तो सॉस मॅरिनेडमध्ये, स्टरफ्रायमध्ये, डिपिंगमध्ये, कुठेही असतो. तामारी नावाचा बिनगव्हाचा प्रकार काही जागी ठेवतात, पण तोही बाटली बघूनच घ्यायचा. गोडात पान्ना कोत्ता, क्रेम ब्रूले, ताजी फळं. आइस्क्रीम बिस्किटाशिवाय, धुतलेल्या चमच्याने काढलेलं. वाइन चालते. बिअर नाही, ती जवाची.

उद्या एखाद्या पार्टीला पंजाबी जेवण ठरलं तर तिथली गंमत वेगळी. "तंदूरी पनीर घ्या, त्यात कुठे गहू?" असं सगळे म्हणतील. पण ज्या भट्टीच्या भिंतीवर दिवसभर नान थापले जातात, तिच्यातच तुझ्या पनीरची सळई उतरते. आणि बिर्याणी नुसत्या तांदळाची म्हणून निर्धास्त राहू नकोस. दमाच्या हंडीचं झाकण बऱ्याच जागी कणकेने लिंपतात आणि ती सुकलेली कणीक झाकण काढताना वरच्या भातात पडते. हे मला एका शेफने आत नेऊन दाखवलं, तोवर इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आपल्या कोकणी-मालवणी जेवणात तू बरीच सुखी असशील. भात, तांदळाची भाकरी, नारळाच्या वाटणाची आमटी, सोलकढी. फक्त मासा रव्यात घोळलेला नको आणि तवा धुतलेला हवा.

आता टेबल. वाटून खाण्याच्या पद्धतीत पहिला धोका ब्रेडच्या टोपलीचा. ती येते, अकरा हात तिच्यात जातात, चुरा सगळीकडे सांडतो आणि लोण्याच्या वाटीत सुऱ्या बुडतात. तू टेबलाच्या टोकाची खुर्ची पकड. टोपली दुसऱ्या बाजूला सरकवायला सांगणं अगदी सोपं असतं. मधल्या पदार्थांतलं काही तुला चालणारं असलं तरी घेऊ नकोस. पहिल्या मिनिटानंतर त्यातला चमचा कुठे कुठे फिरून आला ते कुणालाच माहीत नसतं. तुझं ताट तुझं.

आणि आता तो प्रश्न, "डाएट का?"

डाएट म्हटलं की ते मोडायला समोरच्याला हक्क मिळतो. "एक दिवस काय होतंय", "साहेबांच्या नावाने एक घास", हे सगळं आपल्याकडे प्रेमाने येतं. आग्रह हा आपल्या पाहुणचाराचा जीव आहे आणि आग्रह करणाऱ्याला तुझ्या आतड्याचं काही माहीत नसतं, ते तूच सांगायला हवं. एकदाच, साध्या आवाजात: "मला सिलिअ‍ॅक आहे, गव्हाचा कणही पोटात गेला तर आतड्याला इजा होते. माझं जेवण मी सांगून ठेवलंय. तुम्ही काय मागवताय?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, तो विसरू नकोस. लोकांना दुसऱ्याच्या आजारापेक्षा स्वतःच्या ऑर्डरबद्दल बोलायला आवडतं, आणि बोलणं पुढे सरकतं.

कुणी म्हणेल, माझी वहिनीपण ग्लूटेन-फ्री करते, चार किलो उतरली. त्यावर वाद घालू नकोस. "तिला मानवलं हे छान. माझं औषध आहे, दुसरं औषधच नाही यावर," एवढं म्हण. आणि कुणी ही हल्लीची फॅशन आहे म्हणालंच, तर एक गोष्ट सांगते, मला ती फार जवळची वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन जगले. त्या हालात विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांना दिसलं की सिलिअ‍ॅकची त्यांची मुलं उलट सुधारताहेत. पाव परत मिळू लागला आणि ती मुलं पुन्हा आजारी पडली. गव्हाबद्दलचा संशय त्यांना आधीपासून होता, १९५० मध्ये त्यांनी तो प्रबंधात मांडला. म्हणजे तुझं पथ्य पाऊणशे वर्षं जुनं आहे, आणि उपाशी मुलांच्या खाटांपाशी सापडलेलं आहे. साहेब वाचणारे असतील तर त्यांना ही गोष्ट नक्की आवडेल. तोंड दाखवण्यापेक्षा तेवढी ओळख चांगली.

साहेबांबद्दल तुला जी भीती आहे ना, की मी नखरेल दिसेन, तिच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दर पाच मिनिटांनी वेटरला बोलावून मेन्यूतल्या प्रत्येक ओळीवर चौकशी करणारं माणूस टेबलाला जड होतं, हे खरं. म्हणून तर ते सगळं बुधवारी दुपारी फोनवर उरकायचं. शुक्रवारी तुझ्याकडे एक वाक्य आणि एक ठरलेलं ताट. बाकीचा वेळ कामाच्या, गप्पांच्या. स्वतःचं काम आधी करून येणारी मुलगी कुणाला नखरेल वाटत नाही.

तरी चूक होऊ शकते. ताट आलं आणि वर पावाचा तुकडा दिसला, किंवा सॉस ओतलेलं दिसलं, तर ते तुझ्यापाशी ठेवून घे आणि कॅप्टनला हळूच बोलाव. परत पाठवताना स्पष्ट सांग की यातलंच साफ करून आणू नका, नवीन करा. ताट परत जाऊ दिलंस की आत तुकडा उचलून तेच परत येऊ शकतं, म्हणून काही जण त्यावर रुमाल ठेवतात किंवा भाजीचा तुकडा अर्धा कापून खूण करतात. मी कापते. नव्याने यायला वीस मिनिटं लागतील, लागू देत. आणि मनात शंकाच राहिली तर खाऊ नकोस. ज्या जेवणाची शंका आली ते आजवर माझ्या मुलीने एकदाही संकोचापोटी खाल्लं आणि बरं झालं, असं झालेलं नाही.

यासाठी घरून थोडं खाऊन जायचं. सहा-साडेसहाला वाटीभर दहीभात, नाहीतर दोन भाकऱ्या पालेभाजीशी. पोटात आधार असला की माणूस घाईत चुकीचा घास घेत नाही. पर्समध्ये राजगिऱ्याची चिक्की आणि शेंगदाणे ठेव. उपवासाच्या पदार्थांचं आपल्याकडचं कपाट तुझ्यासाठी खरंच मोठा ठेवा आहे: राजगिरा, वरई, साबुदाणा, शिंगाडा, सगळे मुळात बिनग्लूटेनचे. पीठ सुटं न घेता बंद पाकिटातलं घे.

आणि एवढं करूनही त्रास झालाच, तर शनिवारी विश्रांती घे, थोडं थोडं पाणी आणि ओआरएस पीत राहा, उलट्या थांबल्या नाहीत तर डॉक्टरांकडे जा. झालेलं उलटवणारं औषध नाही. पण एका चुकीने दोन वर्षांची मेहनत वाया जात नाही, हेही लक्षात ठेव; रोज थोडं थोडं पोटात जाणारं ग्लूटेन आतडं पोखरतं. सोमवारी त्या रेस्टॉरंटला फोन करून काय झालं ते शांतपणे कळव. आमच्या त्या शेफनी नंतर बिनगव्हाच्या ताटांसाठी वेगळे पॅन बाजूला काढल्याचं भाच्याने मला सांगितलं.

आता तुझा टीटीजी. तुझ्या पत्रातली ही ओळ तू शेवटी, जाता जाता लिहिलीस, पण मला तीच जास्त सलतेय. महिन्यातून एखाद्या पार्टीचा दोष त्यात असेलही, पण घरातला आधी शोध. आकडा खाली यायला कित्येकांना वर्ष-दोन वर्षं लागतात, म्हणून तो उतरतोय की तिथेच अडून बसलाय हे आधीचे रिपोर्ट शेजारी ठेवून डॉक्टरांना विचार. आमच्याकडे तो अडून बसला होता. गव्हाचा डबा घरातून हद्दपार, पोळपाट नवा, तवा नवा, तरी आठ महिने आकडा हलेना. शेवटी आहारतज्ज्ञ बाई घरी आल्या, ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि मी आमटीला फोडणी देत होते तिथून हिंगाची डबी उचलून त्यांनी उलटी केली. चष्मा लावून मी ते बारीक अक्षर वाचलं: डिंक, मैदा, हिंग. या क्रमाने. बाजारातला पुष्कळसा हिंग असाच पिठात मिसळलेला असतो, आणि रोजच्या वरणातून, कढीतून, ताकातून, लोणच्यातून तो आम्ही मुलीला दोन्ही वेळा देत होतो. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, लेबल बघून तोच आण. पाकिटांवर ग्लूटेन असलेली धान्यं वेगळी नोंदवणं आपल्याकडे नियमाने बंधनकारक आहे, तेव्हा ती ओळ शोधायची सवय लाव.

दुसरी जागा गिरणी. ज्वारी-बाजरी तू स्वतः निवडून देत असशील, पण ती दळली जाते गव्हाच्या मागोमाग, त्याच जात्यात. थालीपिठाची भाजणी विकतची असेल तर तिच्यात बहुधा गहू असतो. आम्ही शेवटी घरगुती चक्की घेतली, तिच्यात गहू कधीही घातलेला नाही. ते लगेच जमणार नसेल तर तोवर ग्लूटेन-फ्रीची नोंद असलेलं बंद पाकिटातलं पीठ वापर, आणि ओट्स खात असशील तर तेही तशीच नोंद असलेले.

आज रात्री फोडणी देण्याआधी हिंगाची डबी बघ. मैदा निघाला तर मला कळव, आणि डॉक्टरांना विचारून सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा कर.

तुझी,
ताई